मासा कोरडा आहे!

फार दूरच्या एका नदीकाठी देवळांची एक जुनी नगरी होती, आणि तिच्या घाटावर बरेच पशुपक्षी राहत असत. बाळांनो, तिथली पहाट मोठी गोड असे. पाण्यावर धुके तरंगे, धुपाचा वास येई, आणि घंटेचा नाद नदीपलीकडे जाऊन हळूच परत येई.

घाटाच्या सातव्या पायरीवर एक दगडी मासा कोरलेला होता. रोज पहाटे बगळा खाली उतरे, माशाकडे निरखून पाही आणि हाक देई, “मासा कोरडा आहे!” मग सारा घाट “कोरडा आहे!” अशी साद देई आणि कामाला लागे. माशाला पाणी लागले, की मात्र पिले घेऊन वरच्या देवळात जायचे, असा तिथला रिवाज होता. खारीचे बिऱ्हाड माशाच्या जरासे वर, घाटाच्या भिंतीतल्या फटीत होते. हाक ऐकल्याशिवाय ती पिलांना सोडून कुठे जात नसे.

घाटाचा कारभारी होता कोल्हा. त्याला नवेपणाची भारी हौस. “दूरदूरचे पाहुणे येतात. त्यांना काय हे शेवाळलेले दगड दाखवायचे?” असे म्हणून त्याने माकडांकडून पायऱ्यांवर पांढरी फरशी घालून घ्यायला सुरुवात केली.

म्हातारे कासव म्हणाले, “कारभारी, तेवढा मासा झाकू नका.”

“आजोबा, मासा कुठे पळून जातोय? फरशीखाली सुखरूप राहील!” कोल्हा हसला.

मासा झाकला गेला; पण खोटे कशाला बोलू, घाट सुंदर दिसू लागला. बगळ्याची सवयही सुटली नाही. तो वरच्याच पायरीच्या फरशीवर उभा राही आणि डोळे मिटून म्हणे, “मासा कोरडा आहे!”

एका पहाटे धुके दाट होते. वरच्या डोंगरात पाऊस झाला होता आणि नदी गुपचूप चढत होती. नेहमीची हाक आली, नेहमीची साद गेली, आणि खार निर्धास्तपणे दाणे आणायला गेली. परतली तेव्हा फट पाण्याखाली होती. तिला रडूही फुटेना.

तेवढ्यात पाण्यातून एक काळी पाठ वर आली. कासवाच्या पाठीला खारीची दोन्ही ओली पिले घट्ट चिकटली होती.

पिलांना पोटाशी धरून खार बगळ्याला म्हणाली, “तू तर कोरडा म्हणालास!”

बगळ्याने मान खाली घातली. “मासा दिसतच नव्हता, ताई. मी नुसतीच हाक देत होतो.”

कोल्ह्याने हे ऐकले. त्याला फार लाज वाटली. पाणी ओसरताच त्याने स्वतःच्या नखांनी सातव्या पायरीची फरशी उकरून काढली.

दुसऱ्या पहाटे बगळा खाली उतरला आणि कितीतरी वेळ वाकून पाहत राहिला. घाट श्वास रोखून थांबला होता. मग धुक्यातून हाक आली, “मासा कोरडा आहे!” तेव्हा कुठे खारीने पिलांना देवळातून खाली उतरू दिले.

तात्पर्य : नवे जरूर बांधावे, पण जुने कशासाठी होते हे आधी विचारावे; ते झाकले गेले, की उरते ती नुसती हाक.