पुसून कोरडी केलेली काच

कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यात एकदा एक वृद्ध रसायनज्ञ होते. सारे त्यांना नाना म्हणत. रंगाचे सांडपाणी शुद्ध करून ओढ्यात सोडण्याचे उत्तरदायित्व त्यांचे. ओढ्याच्या खालच्या अंगाला एक वाडी होती आणि तिथली गुरे तेच पाणी पीत. म्हणून टाकीतले पाणी ओढ्यात सोडणाऱ्या झडपेची किल्ली नाना स्वतःजवळ बाळगत. आता निवृत्ती जवळ आली होती आणि किल्ली कुणाच्या हाती द्यावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

त्यांची शिष्या मृदुला हुशार होती, कष्टाळू होती, आणि किल्ली आपल्यालाच मिळणार याविषयी तिला तिळमात्र शंका नव्हती. शंका नसणे हा तसा दुर्गुण नव्हे. फक्त रसायनांना तो मानवत नाही.

पाण्यात आम्ल किती, हे पीएच मीटर सांगे; आकडा सातच्या जितका खाली, तितके आम्ल जास्त. त्याची इलेक्ट्रोडची कांडी टाकीत सोडायची. कांडीच्या टोकाला काचेचा नाजूक फुगा असे आणि त्यावर रंगाचे, चुन्याचे कीट चढे. एकदा नाना म्हणाले, "कांडी तेवढी साफ करून ठेव गं."

मृदुलेने कामात जीव ओतला. सौम्य आम्लात बुडवून कीट सोडवले, स्वच्छ पाण्याने धुतले. इथवर सारे यथासांग. पण एवढ्यावर थांबेल ती मृदुला कसली! तिने मऊ कापडाने काच खसाखसा पुसली, लख्ख केली, आणि धूळ बसू नये म्हणून कोरड्या डबीत जपून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच कांडी तिने टाकीत सोडली. आकडा आला सात, म्हणजे पाणी सोडण्याजोगे.

"नाना, किल्ली द्या. पाणी सोडते."

नानांनी किल्ली दिली नाही. जेवणाचा डबा उघडला, त्यातली लिंबाची फोड वाटीभर पाण्यात पिळली आणि वाटी पुढे सरकवली. "आधी हे मोज."

मृदुलेला हसू आले. म्हातारपणी माणूस थोडा विक्षिप्त होतो, असे मनाशी म्हणत तिने कांडी धुऊन वाटीत बुडवली. आकडा सातावरच रेंगाळला. मग रखडत रखडत सहाच्या जवळ आला आणि तिथेच बसून राहिला. तिचे हसू मावळले.

नानांनी फडताळातली बाटली काढली. तिच्यात क्षाराच्या द्रावणात एक जुनी, डागाळलेली कांडी बुडवून ठेवली होती. ती त्यांनी विसळली, टिपकागदाने थेंब नुसता टिपला आणि वाटीत सोडली. आकडा झरझर तीनच्या खाली उतरला. मग तीच कांडी विसळून त्यांनी टाकीत धरली. चार.

मृदुला टाकीकडे बघत म्हणाली, "नाना, मी हे पाणी सोडणार होते! गुरं प्यायली असती."

"प्यायली असती," नाना शांतपणे म्हणाले. "मेहनतीत तू कसूर केली नाहीस. पण ही काच ओली असते तोवरच तिला पाण्यातलं कळतं. तू तिला घासून कोरडी केलीस. आता ती दिसते छान, पण पुढ्यातलं काही ऐकत नाही. रात्रभर द्रावणात ठेव, बहुधा ताळ्यावर येईल. आणि एक लक्षात ठेव. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे, असं काहीतरी तिला आधी विचारावं. लिंबाला जी आंबट म्हणत नाही, तिच्यावर टाकीचा भरवसा ठेवू नये."

मृदुलेने चकचकीत कांडी द्रावणात बुडवली. आम्ल मारायला टाकीत चुन्याची निवळी सोडली, पाणी ढवळले आणि जुन्या कांडीने पुन्हा मोजले. या वेळी खरोखरच सात आले. नानांनी किल्ली पुढे केली.

तिने हात पुढे केला नाही. "थांबा नाना. ही कांडी मघाशी बरोबर होती, पण आता आहे का ते पाहते. पुन्हा लिंबात घालते."

ती वाटीकडे वळली. नानांनी किल्ली तिच्या टेबलावर ठेवली, डबा उचलला आणि ते जेवायला गेले. त्या दिवशी त्यांनी वरणभात लिंबावाचून खाल्ला आणि तो त्यांना गोड लागला.

आपल्या जाणतेपणाला लकाकी आली असे वाटेल, त्या दिवशी एखादे लिंबू जवळ असू द्यावे.