नुसतं बसायला कोण येतं?

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल बांधायचं अजून कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. लहानांनी तर ऐकावीच, पण मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

एका राज्यात, एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं. गावाचा बाजार पैलतीरी, सुईण पैलतीरी, आणि लेकी दिलेल्या त्याही पैलतीरी. म्हणजे गावाचा सगळा जीव एका नावेत! त्या नावेचा मान पिढ्यान् पिढ्या एकाच घराकडे होता. त्या घरातला म्हातारा नावाडी थंडीत वारला आणि मागे उरली त्याची एकुलती एक लेक, हौसा.

राजाचा नियम मोठा कडक. नवा नावाडी व्हायचं असेल, तर भर पुरात माणसांनी भरलेली नाव पैलतीरी न्यायची. नेली तर मान त्याचा. नाही जमलं, तर नाव जाणार वरच्या गावच्या नावाड्याकडे. आणि तो कसला येतोय! मनात आलं तर येणार, नाहीतर तंगड्या पसरून घोरत पडणार.

हौसानं पदर खोचला. "नाव माझ्या बापाची. ती मीच चालवणार," ती म्हणाली.

रिकामी नाव ती झकास चालवायची. पण भरलेली नाव म्हणजे वेगळंच प्रकरण. तिनं नावेत दगड भरून पाहिले. दगड बिचारे ठेवले तिथे गुमान बसतात. माणूस मात्र वाकतो, सरकतो, लाट पाहून किंचाळतो आणि शेजाऱ्याच्या गळ्यात पडतो. असला भार सांभाळायला शिकायचं तर माणसंच हवीत.

म्हणून ती दारोदार फिरली. "धान्य नको, कवडी नको. रोज थोडा वेळ माझ्या नावेत येऊन बसा."

लोक हसले. गावचे पाटील तर पोट धरून हसले. "अगं, नुसतं बसायचंच असेल तर आम्हाला आमचे ओटे काय कमी आहेत?"

शेवटी हौसा राही कुंभारणीच्या दारात आली. उन्हाळा लागला होता आणि माठ-रांजणांसाठी राहीकडे रीघ लागली होती. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं राहीला झालं. ती 'नाही' म्हणणारच होती, तेवढ्यात तिची नजर हौसाच्या तळहातांवर गेली. फोडांवर फोड आले होते, आणि त्यावर चिंधी बांधून पोरगी ताठ उभी होती.

"येते गं बाई," राहीच्या तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी राही आली खरी, पण मांडीवर कच्चा माठ आणि हातात तो ठोकायचं थापटणं घेऊन. बसल्या बसल्या तेवढंच काम उरकेल! हौसानं नाव खडकाकडे नेली. तिथं पाण्याला बारमाही ओढ असायची. नाव कलली, माठ घरंगळला आणि राहीनं त्याच्यावर झेप घेतली. झालं! नावेत भसाभस पाणी शिरलं. माठ गेला नदीत, आणि दोघी कशाबशा काठाला लागल्या.

हौसाचे डोळे भरून आले होते, पण आवाज पक्का होता. "मावशी, तू आलीस, पण मन घरी चाकापाशीच ठेवून आलीस. अशानं मी पुरात नाव कशी काढू?"

"वा गं वा! उपकार करायला आले तर वर माझ्यावरच तोंड टाकतेस?" राही तणतणत घरी गेली.

घरी येऊन ती चाकावर बसली. हात मातीवर, मन मात्र हौसाच्या बोलण्यावर. बघता बघता मडक्याचा गळा वाकडा झाला. राही त्या मडक्याकडे बघत राहिली. एका मडक्याला तिचं सगळं लक्ष लागतं, आणि त्या पोरीला तिनं काय दिलं होतं? कामातून उरलेली नजर! राहीला स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी ती नदीवर हजर. "हे बघ, हात रिकामे. आता काढ नाव."

त्या दिवसापासून राहीनं एकही खाडा केला नाही. नाव उलटली, की दोघी पोहत बाहेर यायच्या, लुगडी पिळायच्या आणि पुन्हा नावेत चढायच्या. हौसा भार ओळखायला शिकली. आणि राही शिकली बसायला: पाणी उसळलं तरी जागा न सोडता, हौसा सांगेल त्या बाजूला झुकून.

पण एका माणसानं का कुठे नाव भरते? मग राहीनं एक युक्ती काढली. कुणी माठ मागायला आलं की ती म्हणायची, "माठ हवाय? वाळतोय अजून. तोवर हौसाच्या नावेत बसून ये."

लोक कुरकुरत गेले. आधी माठासाठी गेले, मग हौसासाठी जायला लागले. त्या उन्हाळ्यात राहीचे माठ कमी निघाले. तिला हळहळ वाटायची, वाटली तर वाटली. नदीवर जायचं तिनं सोडलं नाही.

आणि पूर आला. लालभडक पाणी, त्यात मोडकी झाडं गरगरत चाललेली. पैलतीरी राजाचा सरदार येऊन उभा राहिला. राही आणि रोज बसणारी मंडळी नावेत चढली. सरदारासमोर मिरवायला मिळणार म्हणून पाटीलही नवा फेटा बांधून पुढे जाऊन बसले!

नाव मधोमध आली आणि समोरून एक भलंमोठं खोड धावून आलं. नाव कलली. "अरे देवा, मेलो, मेलो!" म्हणत पाटील उभेच राहिले.

राहीनं त्यांच्या धोतराचा सोगा धरून खसकन ओढलं. "पाटील, खाली बसा!"

हौसा एवढंच ओरडली, "डावीकडे!"

सगळे एकदम डावीकडे झुकले. खोड नावेला घासून गेलं. जाताना पाटलांचा फेटा तेवढा घेऊन गेलं.

नाव पैलतीरी लागली. सरदार म्हणाला, "पोरी, नाव आणलीस ती आणलीस. पण एवढ्या पुरात ही माणसं जागची हलली कशी नाहीत?"

"सरकार, मी नाव चालवायला शिकत होते, तेव्हा ही माणसं माझ्यासाठी बसायला शिकत होती," हौसा म्हणाली. नावेचा मान तिच्याच घरी राहिला.

त्याच पावसाळ्यात राहीची सून अडली. नदी दुथडी भरून वाहत होती. वरच्या गावचा नावाडी असता, तर त्यानं कूसही बदलली नसती. हौसा मात्र ऐकल्याबरोबर निघाली आणि तसल्या पुरातून सुईण घेऊन आली. सून सुटली, आणि घरात नातीचा टाहो घुमला.

राहीनं हौसाला मिठी मारली आणि ती ढसाढसा रडली. "कशी गं आणलीस सुईणीला?"

"मावशी, ती सारखी हलत होती बघ," हौसा हसून म्हणाली. "तुझ्या माठासारखी. पण असला हलता भार सांभाळायला मी तुझ्यामुळेच शिकले ना!"

म्हणून सांगतो, ध्यानात ठेवा: दुसऱ्याला पैलतीर गाठायला वेळ द्यायचा, तर तो हात रिकामे करून द्यावा; मन दुसरीकडे ठेवून दिलेला वेळ कुणालाच तारत नाही.