धड की अधू?

"अर्ज नुसता हुंगला तरी मला त्यातलं खोटं कळतं!" टेंभुर्णेसाहेब कचेरीभर ऐकू जाईल असं म्हणाले आणि लगेच पुढं, "चष्मा घरी राहिलाय, तेवढं वाचून दाखव, बाई." कारकून माना खाली घालून खोकले.

समोर हौसाबाई उभी होती. तेलगिरणी बंद पडल्यापासून तिला बेकार भत्ता मिळत होता. त्याच गिरणीच्या पट्ट्यात जाऊन तिचा डावा हात अधू झालेला, म्हणून आता तिनं अपंगांच्या पेन्शनचा अर्ज केला होता. तो तिनं घडाघडा वाचला.

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "सापडलीस! भत्त्याच्या अर्जात म्हणतेस काम करू शकते, इथं म्हणतेस हात चालत नाही. धड आहेस की अधू? दोन्ही बंद करीन!" मग आवाज उतरवून म्हणाले, "नाहीतर मिळेल त्यातले दहा टक्के इकडे दे. मिटवू आपण."

"कसं जमायचं, साहेब?" हौसाबाईनं आवाज मुळीच उतरवला नाही. "डॉक्टरांच्या दाखल्यावर मी चाळीस टक्के अधू. उरलेली साठ टक्के धड, ती बेकार. झाले शंभर. तुमचे दहा टक्के कुठल्या अंगातून काढून देऊ?"