भंगाराच्या टोपलीतली पुंगळी

फार जुनी गोष्ट. तेव्हा अवजारांनाही बोलता येई. एका नेमबाजीच्या मैदानावर पिस्तुलातून गोळी सुटल्यावर मागे उरणाऱ्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा दारू-गोळी भरण्यासाठी दाबयंत्राकडे येत. वरून साऱ्या जुळ्या बहिणी; पण बुडाशी दारू पेटवणारी ठिणगीची टोपी बसते तो खळगा कुणाचा मोठा, कुणाचा लहान. तो आधी पाहून दोन ढीग करायचे असतात. दाबयंत्राला तेवढा धीर कुठला!

त्याने सोनकी नावाच्या पुंगळीच्या लहान खळग्यात मोठी टोपी खुपसली. टोपी चेपली आणि यंत्र अडकलं.

"खोटी आहे ही! भंगारात टाका, वितळवा!" दाबयंत्र गरजलं.

"आमच्या रांगेत शिरलीसच कशाला गं?" मोठ्या खळग्यावाल्या फिदीफिदी हसल्या.

सोनकी संतापली. "सकाळी माझ्यातून सुटलेली गोळी नेमकी मधोमध लागली, तेव्हा मी खरी होते ना? मला लहान टोपी लागते, एवढंच. न बघता खुपसलंस तू, आणि खोटी मी?"

तरी चिमट्याने तिला टोपलीत फेकलंच. तिथे लहान खळग्याच्या पुंगळ्यांचा ढीग होता. सोनकीने एकेक निरखून पाहिली. तडा गेलेली एकही नव्हती.

वर दाबयंत्र कुरकुरत होतं, "हल्ली चांगल्या पुंगळ्या मिळतच नाहीत!"