न आटणारे पिंप

एकदा एका दूरच्या देशात, जिथली जमीन खोदली की खाली पांढरा खडू लागतो, तिथे शॅम्पेन करणारे एक जुने घराणे होते. शॅम्पेन म्हणजे द्राक्षांची फेसाळती मदिरा. वाचकांपैकी जे पीत नाहीत त्यांनी लगेच नाक मुरडू नये. ही गोष्ट पिण्याची नाही, चाखण्याची आहे. त्या देशात मद्य करणाऱ्यांच्या पेढीलाही घराणेच म्हणतात, आपल्याकडे गवयांचे असते तसे.

या घराण्याची कीर्ती दोनशे वर्षांची होती आणि ती सगळी एका पिंपावर उभी होती. खडूच्या डोंगरात कोरलेल्या तळघराच्या अगदी शेवटच्या दालनात ते भले थोरले लाकडी पिंप कुलूपबंद असे. मूळ पुरुषाने ते भरले आणि नियम घालून दिला, की हे कधीही रिकामे करायचे नाही. दर हिवाळ्यात त्यातले थोडे जुने मद्य काढून त्या वर्षीच्या मद्यात मिसळायचे आणि तेवढेच नवे पिंपात भरायचे. आपल्याकडे कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावतात, तसाच हा प्रकार. वर्ष पावसाचे असो वा कडक थंडीचे, द्राक्षे आंबट निघोत वा फिकी, या पिंपामुळे घराण्याची चव ढळत नाही, असे सगळे जग म्हणे.

मिसळणीच्या दिवशी एक रिवाज पाळला जाई. तळघराचा प्रमुख पिंपातून पेला भरून घेई. जमलेल्या प्रत्येकाने एकेक घोट चाखून म्हणायचे, "तीच आहे." वृद्ध प्रमुखांना सगळे बाबा म्हणत. बाबा तो पेला सर्वांत शेवटी सर्वांत नव्या शिष्यापुढे धरत आणि तो काय म्हणतो ते फार लक्ष देऊन ऐकत.

त्यांची शेवटची शिष्या अकरा वर्षे त्यांच्यापाशी होती. कोणते द्राक्ष डोंगराच्या कोणत्या उतारावरचे, हे ती नुसते चाखून सांगे. पिंपावर तिची अपार निष्ठा. त्या दालनात कोणी मोठ्याने बोललेलेही तिला खपत नसे.

मग घराणे एका व्यापाऱ्याने विकत घेतले. द्विशताब्दीच्या समारंभासाठी त्याने फर्मान काढले, की पिंप पूर्ण रिकामे करून दोनशे बाटल्या भराव्यात आणि त्या देशोदेशीच्या मान्यवरांना द्याव्यात. उरेल ते पाहुण्यांना पाजावे. पिंप पुढे शोभेसाठी दारात ठेवता येईल.

शिष्या तडक त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "हे पिंप गेलं तर उद्या आपण जे करू ते बाजारातलं कुठलंही मद्य असेल," ती व्यापाऱ्याला म्हणाली. "दोनशे वर्षांत कुणी हे केलं नाही. आधी मला कामावरून काढा, मग पिंपाला हात लावा."

व्यापारी बाबांकडे वळला. बाबा आता पिंपाला मिठी मारतील असेच सर्वांना वाटले. बाबांनी कमरेची किल्ली सोडली आणि व्यापाऱ्याच्या हातावर ठेवली. व्यापारी खूश होऊन निघून गेला.

शिष्या त्यांच्यामागून तळघरात उतरली. "बाबा, तुम्ही असं का केलंत?" तिने विचारले. "मी कुणाच्या भरवशावर भांडत होते?"

बाबा पिंपाशेजारच्या बाकावर बसले. "पोरी, हे पिंप चाळीस वर्षांपूर्वीच रिकामं झालंय," ते म्हणाले. "लढाईत शत्रूचं सैन्य याच तळघरात उतरलं होतं. मालक परागंदा झालेले, माझे गुरू अंथरुणाला खिळलेले. शिपायांनी तीन आठवड्यांत पिंप कोरडं केलं. तळाशी राहिलं त्यात बूट धुतले. ते गेल्यावर मी गावात दारोदार हिंडून मिळेल ते मद्य गोळा केलं, पिंप भरलं आणि बूच ठोकलं. गुरूंचा जीव जाईपर्यंत त्यांना कळू नये, एवढीच इच्छा होती. गुरू गेले. पण मग मालक परतले आणि पिंप भरलेलं पाहून त्याला कवटाळून रडले. त्या माणसाला मी काय सांगणार होतो? पुढं तर बाटलीवरच छापून आलं, लढाईतून वाचलेलं पिंप म्हणून."



"मनाशी ठरवलं होतं," बाबा पुढे म्हणाले, "मिसळणीच्या दिवशी एकानं जरी म्हटलं, की ही ती नव्हे, तर त्याच्यापुढं सगळं कबूल करायचं. तेव्हा जुन्या बाटल्या अजून कुठं कुठं शिल्लक होत्या. त्या शोधायच्या, चाखायच्या आणि घराण्याची चव पुन्हा बांधायला घ्यायची. एकट्यानं ते झालं नसतं. खोटं मीच बोललेलो, माझा माझ्या जिभेवर विश्वास राहिला नव्हता. दरवर्षी पेला पुढं केला. मोठमोठे जाणकार आले, डोळे मिटून घोट घेतला आणि तीच आहे म्हणून गेले. आता जुनी एकही बाटली उरलेली नाही. मग किल्ली कशासाठी जपायची?"

ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, मला कळलं होतं."

बाबांनी मान वर केली.

"माझे आजोबा इथल्याच मळ्यात राबायचे. लढाईच्या आधीची एक बाटली त्यांनी भिंतीत चिणून ठेवली होती. मी सोळा वर्षांची असताना आजीच्या शेवटच्या वाढदिवसाला ती फोडली. मला घोटभर मिळाली. त्या चवीपायीच मी इथं आले. पहिल्या वर्षी तुम्ही पेला दिलात, त्यात ती नव्हती. पण समोर एवढी जाणती माणसं, त्यात तुम्ही. वाटलं, पोरवयातली आठवण, माझीच जीभ खोटी. मीही म्हटलं, तीच आहे. आणि घरी जाऊन जिभेला वळण लावायला बसले. अकरा वर्षं तेच केलं."

तिचे मनगट धरून बाबांनी तिला शेजारी बसवले. इतक्या वर्षांत कधी नव्हती अशी घाई त्यांच्या आवाजात होती. "मग तू सांग. कशी होती? आधी काय लागलं, शेवटी काय राहिलं? मी करून बघतो. अजून दोनचार वर्षं आहेत माझ्याकडं."

तिने डोळे मिटले. आजीची खोली आठवली, टेबलावरचा पेला आठवला, आजीचा सुरकुतलेला हातसुद्धा आठवला. घोटापाशी येऊन ती थांबली, पुन्हा मागे गेली, पुन्हा आली. शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"आता डोळे मिटले, की याच पिंपाची चव येते, बाबा," ती म्हणाली. "दुसरी येतच नाही."

बाबांनी तिचे मनगट सोडले. "शिपायांनी नुसतं पिंप रिकामं केलं," ते म्हणाले. "चव आपण दोघांनी घालवली. मी भीतीपोटी बोललो नाही, तू भिडेपोटी. शिपाई परके होते, त्यांना मी केव्हाच माफ केलं."

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याची माणसे नळ्या आणि बाटल्या घेऊन उतरली. शिष्येने त्यांना अडवले नाही. त्यांना नीट दिसावे म्हणून तिने दिवा धरला आणि दोनशे बाटल्या भरून होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

जाणत्यांच्या मेळ्यात आपल्या जिभेला काही वेगळे लागले, तर माझेच चुकत असेल असे म्हणून गिळण्यापूर्वी या मुलीची आठवण करावी. मी स्वतः असे घोट पुष्कळ गिळले आहेत.