टाचलेली पानं

"मग माझ्या मुलीनं वाचायचं तरी काय, अक्का?"

हाच प्रश्न जनार्दन निमकरांनी तालुक्याच्या ग्रंथपालाला विचारला होता, दोन प्रकाशकांना रागाची पत्रं लिहून विचारला होता. ते शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी. उत्तर न देणाऱ्याला नालायक ठरवून ते मोकळे होत. आता उरल्या होत्या मठातल्या सुंदराक्का. लहानपणी निमकरांनी त्यांच्याकडेच अक्षरं गिरवली होती.

"वय सात, बुद्धी पंधराची," निमकर म्हणाले. "आणि ग्रंथपाल तिच्या हातात सशाची चित्रं देतो. सशाची."

"सशानं काय केलंय?"

"थट्टा नको, अक्का. दोन महिने झाले, पोरीनं पुस्तकाला हात लावलेला नाही. आधी दिवसाला एक संपवायची..."

इरावती भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. बोलणं दुसऱ्याच कुणाविषयी चाललं असावं, अशी.

अक्कांनी निमकरांची पिशवी ओढून पुस्तकं काढली. पानांना जागोजाग टाचण्या होत्या. कुठं दोन पानं एकत्र, कुठं चार.

"हे काय?"

"आधी मी वाचतो. तिच्या वयाला योग्य नसेल ते टाचून टाकतो."

अक्कांनी एक टाचणी उपसली. वाचलं.

"इथं कुत्रा मरतो."

"म्हणूनच."

दुसरी उपसली.

"इथं मुलगी बापाशी खोटं बोलते."

निमकरांनी पडलेली टाचणी उचलून घेतली.

"आणि या राज्यघटनेच्या ग्रंथाला एकही टाचणी नाही?"

"त्यात आक्षेपार्ह काही नाही."

"तिचं वाचून झाल्यावर काय करतोस?"

"तिच्याकडून तात्पर्य लिहून घेतो. पाहुणे आले की ती म्हणून दाखवते."

अक्कांचा हात थांबला.

"पाहुण्यांसमोर उभी करतोस तिला?"

"हुशार आहे ती, अक्का."

"म्हणून तर थांबली."

निमकरांना हे झोंबलं. मुलीसाठी आपण किती खस्ता खाल्ल्या हे ते सांगू लागले. शाळा कशी कुचकामी, लेखक कसे बेजबाबदार... अक्कांनी ऐकलं नाही. त्या इरावतीकडे वळल्या.

"बाळ, त्या कपाटातलं हवं ते घे."

इरावतीनं आधी बापाकडे पाहिलं. मग उठली. पोथ्या, जुनी पंचांगं उलटीपालटी करून तिनं एक मळकी पुस्तिका काढली. शेळ्यांच्या आजारांची.

"ती शेतकऱ्यांसाठी आहे," निमकर म्हणाले.

ती तिथंच मांडी घालून वाचत बसली.

...

"अक्का, शेळी मेली तर करडू कुणाचं दूध पितं?"

दोन महिन्यांत पुस्तकातलं तिनं पहिल्यांदाच काही विचारलं होतं. निमकर दचकले.

"दुसरीला लावतात," अक्का म्हणाल्या.

"ती पाजते?"

"आधी लाथ मारते."

"मग?"

"पुढं वाच की."

इरावतीनं पान उलटलं.

निमकरांनी हात पुढे केला. "आण इकडे. आधी मी बघतो."

तिनं पुस्तिका छातीशी धरली. सोडली नाही.

अक्कांनी निमकरांचा हात धरून खाली त्यांच्याच मांडीवर ठेवला.

"तिचं होऊ दे, जनार्दना. तुला झेपेल असं वाटलं, तर देईल ती."