गुलाबी ओळीखाली काय आहे?

"...पण सात वेळा वाचूनसुद्धा विसरतंच कसं, मास्तर?"

हा प्रश्न घेऊनच शर्वरी ओसरी चढली. दहावीची परीक्षा वीस दिवसांवर आली होती. सराव परीक्षेत विज्ञानात शंभरपैकी अडतीस मिळाले होते, आणि तिला तर अकरावीला सायन्सलाच जायचं होतं. शर्वरीबाई फणकाऱ्यात होत्या. पेपर काढणाऱ्याचीच चूक आहे, असं त्यांचं ठाम मत.

तुंगारे मास्तर शेंगा फोडत बसले होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली, पण परीक्षा आली की मुलं अजून त्यांच्याकडेच येतात. त्यांच्या ओसरीची एक रीत आहे. चपला पायरीखाली, पुस्तक कोनाड्यात.

शर्वरीने पुस्तक छातीशी घट्ट धरलं.

"ठेवायचं? मग अभ्यास कशाचा करायचा?"

मास्तरांनी नुसतं कोनाड्याकडे बघितलं.

ठेवण्याआधी तिने पानं फडफडवून दाखवली. पिवळी, हिरवी, गुलाबी. बिनरंगाची ओळ शोधूनही सापडली नसती.

"बघा. एवढं केलंय मी."

"रंगपंचमी झकास झाली," मास्तर म्हणाले. "ठेव आता."

तिने गाल फुगवून पुस्तक ठेवलं. मास्तरांचा या पोरीवर जीव होता, म्हणून हसू त्यांनी मिशीतच ठेवलं.

मग त्यांनी चष्मा काढला आणि वर्तमानपत्र हात लांब करून धरलं.

"मला जवळचं दिसत नाही. का गं?"

"सोप्पंय! उजव्या पानावर आहे. खाली. गुलाबी रंगाने खूण केलीय."

"बरं. आणि गुलाबी ओळीखाली काय आहे?"

"गुलाबी ओळीखाली..."

शर्वरीने डोळे घट्ट मिटले.

"पान दिसतंय हो मास्तर! अगदी डोळ्यांसमोर आहे. फक्त... अक्षरं दिसत नाहीत."

तिचे डोळे भरले. रागाच्या खाली ही भीती होती, ती आत्ता बाहेर आली.

"मी ढ आहे का?"

"ढ मुली एवढे रंग विकत घेत नाहीत. हे घे, खा."

त्यांनी तिच्या हातावर शेंगदाणे ठेवले, पुढ्यात एक कोरा कागद आणि पेन्सिल.

"माझ्या डोळ्यांचं काय झालंय, ते लिही. जेवढं येईल तेवढं."

तिने लिहिलं. दोन ओळी झाल्या आणि हात थांबला. मधे जागा सोडून आणखी एक ओळ लिहिली. आणखी एक जागा सुटली, एक ओळ झाली, आणि हात पुन्हा थांबला.

मास्तरांनी लाल पेन्सिल घेतली. लिहिलेल्या ओळींना त्यांनी हातही लावला नाही. रिकाम्या राहिलेल्या जागांभोवती तेवढ्या चौकटी काढल्या. तीन चौकटी.

"आता कोनाड्यापाशी जा. फक्त या तिघींपुरतं बघ. पुस्तक परत ठेव आणि इथे येऊन लिही."

"तिथेच उभी राहून लिहू?"

"इथे येऊन."

कोनाड्यापासून चटईपर्यंत सात पावलं. पहिल्या खेपेला पाचव्या पावलावर ती अडली. "स्नायू... भिंगाजवळचे स्नायू... पुढे काय होतं त्यांचं?" परत गेली, बघितलं, आली. कमजोर होतात, असं लिहिलं. दुसरी चौकट भरली ती थेट चटईवर येऊन. तिसरी काही केल्या भरेना.

"एक राहिलीच," ती खट्टू होऊन म्हणाली.

"सकाळपर्यंत कुठे पळून जात नाही ती. उद्या ये."

शर्वरी उठली. कागदाची घडी करून तिने मुठीत धरली, चपला घातल्या आणि निघाली. मास्तर ओसरीवरून बघत राहिले.

हापशापर्यंत गेली असेल नसेल, तोच वळून धावत आली. धापा टाकत पायरीशी उभी राहिली.

"मास्तर! पुस्तक... पुस्तक इथेच विसरले मी!"

"अगं, मग हापशापर्यंत पुटपुटत काय वाचत होतीस?"